सिग्नलचा खांब आणि हृदयाचे ठोके

पावसाळा आला की लोखंडी खांबाचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात. सिग्नलचा खांबही त्याला अपवाद नाही. जमिनीत सळई पुरली म्हणजे अर्थिंग झाले, ही समजूत घातक आहे. सळईभोवतीच्या मातीचा रोध 20 ओहम असेल, तर 230 व्होल्टला साडेअकरा अँपिअरच वीज वाहते. 16 अँपिअरचा एमसीबी पडत नाही आणि खांबात वीज राहते. भिजलेल्या माणसाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. शरीरातून तेव्हा 200 मिलिअँपिअर जाऊ शकतात; हृदयाची लय बिघडायला त्याहून कमी पुरतात. म्हणून खांब व पेटी अर्थिंगच्या तारेने एकमेकांना जोडलेली हवीत आणि 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी हवा. पावसाळ्यापूर्वी दोन्ही तपासावेत. कुणी खांबाला चिकटल्यास हात लावू नका. वीज बंद करवून घ्या. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा आणि 108 ला फोन करवा.