पूल बांधण्यापूर्वी भार ठरवावा

वखारीचा माळा कापडाच्या गाठींसाठी बांधून पुढे त्यावर धान्याची पोती रचणारा व्यापारी शहाणा म्हणविला जाणार नाही. माळ्यावर काय ठेवावयाचे हे तुळई घालण्यापूर्वीच ठरवावे लागते. पुलांचेही तसेच आहे.

सप्टेंबर 2020 मध्ये आपल्या हैदराबादेत दुर्गम चेरुवू तलावावरील केबल पूल खुला झाला. त्याचा मधला गाळा सुमारे 234 मीटरांचा असून तो या नगरीस भूषणावह आहे, यात शंका नाही. परंतु तो रस्त्यापुरताच आहे. उद्या त्यावर रूळ घालू म्हटल्यास ते सोपे नाही. आगगाडीचा भार मोठा व एका ओळीत धावणारा असतो. ती थांबताना पुलास आडवा रेटा देते, आणि प्रत्येक गाडीगणिक पोलादी दोरांवरील ताण कमीजास्त होऊन कालांतराने त्यांस शीण येतो. ह्या सर्वांचा हिशेब आरंभीच मांडावा लागतो.

तो मांडला तर काम अशक्य नाही. केबल पुलाचे दोर मनोऱ्यापासून मार्गापर्यंत सरळ ताणलेले असल्यामुळे तो झुलत्या पुलाहून ताठ राहतो. डेन्मार्क व स्वीडन यांस जोडणाऱ्या ओरेसुंड पुलाच्या 490 मीटरांच्या गाळ्यावर 2000 सालापासून वर चौपदरी रस्ता व खाली दुहेरी लोहमार्ग चालू आहे. आपल्या देशातही जम्मू-काश्मीरमध्ये अंजी नदीवर 96 दोरांचा रेल्वेपूल 2025 साली खुला झाला. नागपुरात वर्धा रस्त्यावर दोर नाहीत, परंतु 3.14 किलोमीटरपर्यंत त्याच खांबांवर रस्ता व मेट्रो दोन्ही वाहत आहेत.

प्रत्येक पुलावर रूळ हवेत असे आमचे म्हणणे नाही. दुहेरी पुलास खर्च अधिक लागतो, हेही आम्ही जाणतो. परंतु दहा-वीस वर्षांनी शेजारी दुसरा पूल बांधावयाचा झाल्यास जागा पुन्हा घ्यावी लागते, आणि बाजारपेठेत ती जागा बहुधा कोणाच्या तरी दुकानाची असते. बेगम बाजार मुशीच्या एका तीरावर, पत्थरगट्टी दुसऱ्या तीरावर. आपले ग्राहक व नोकरवर्ग रोज नदी ओलांडतात.

मुशीतीराच्या सुधारणेच्या योजना आखल्या जात आहेत. त्यांतील प्रत्येक नव्या पुलाविषयी, पुढे येथून रेल्वे न्यावयाची आहे काय, हा प्रश्न नकाशा पक्का होण्यापूर्वी विचारला जावा, आणि तो विचारण्यात व्यापारी संघांनी पुढाकार घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.