अर्धी बादली पुरे!



गाडी धुणे हा काय मराठीच्या वर्गाच्या अंकात लिहिण्याचा विषय आहे, असे काहींना वाटेल. आमच्या मते आहे, आणि वेस्ट बेमध्ये राहणाऱ्यांसाठी तर नक्कीच आहे. कारण हा विषय दिसायला गाडीचा असला, तरी खरा पाण्याचा आहे. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. घरची गाडी पाइप लावून किंवा बादल्यांमागून बादल्या ओतून धुण्याची गरज नाही. अर्धी बादली पाणी, मागाहून खळबळावे न लागणारे द्रावण आणि सात-आठ स्वच्छ फडकी एवढ्यात ती उत्तम निघते. आणि हे काम महिन्यातून एकदा तरी मुलांना हाताशी घेऊन आपणच करावे.

मुलांनो, आपण राहतो ती जागाच आधी पाहा. वेस्ट बेचा बराचसा भाग समुद्रात भर घालून तयार केलेला आहे. कॉर्निशच्या टोकाला पिरॅमिडसारखे शेरेटन हॉटेल आहे ना, ते 1982 मध्ये सुरू झाले, तेव्हा आजचे हे उंच टॉवर आजूबाजूला नव्हते. म्हणजे आपल्या पायाखालची जमीन माणसाने केलेली आहे, आणि नळाचे पाणीही माणसानेच केलेले आहे! कतारमध्ये एकही नदी नाही. वर्षाचा पाऊस 75 मिलिमीटरच्या आसपास, तर आपल्या मुंबईत तो 2000 मिलिमीटरहून अधिक. नळाला येणारे जवळजवळ सगळे पाणी समुद्राचे. खारे पाणी गोडे करण्याचे काम येथे 1950 च्या दशकात सुरू झाले. रास अबू फंतास, रास लफान अशा ठिकाणी मोठाले कारखाने त्यासाठी चालतात. कुठे समुद्राचे पाणी तापवून त्याची वाफ धरतात, कुठे ते प्रचंड दाबाने बारीक पडद्यांतून ढकलतात. दोन्हींना ऊर्जा लागते आणि ती प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून येते. मागे उरलेले अतिखारट पाणी पुन्हा समुद्रात जाते, आणि हे आखात सरासरी अवघे 35 मीटर खोल आहे. अडचणीच्या वेळी सात दिवस पुरावे इतके पाणी साठवण्यासाठी या देशाने प्रचंड टाक्या बांधल्या, त्यांचे उद्घाटन 2018 मध्ये झाले. अशा पाण्याने आपण चाकांची धूळ काढायची, हे मनाला पटत नाही.

कायद्यालाही ते पटलेले नाही. 2008 च्या 26 क्रमांकाच्या कायद्याने पिण्याच्या पाण्याचा पाइप लावून गाडी किंवा अंगण धुण्यास येथे मनाई केली. 2015 मध्ये तो आणखी कडक झाला आणि दंडाची मर्यादा 20,000 रियालपर्यंत गेली. पण दंडाच्या भीतीने पाणी वाचवणे आणि समजून वाचवणे यांत फरक आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरभाड्यातच वीज-पाणी धरलेले असते. बिल डोळ्यांना दिसत नाही, मग मुलांना पाण्याची किंमत कळावी कशी?

आम्ही पडलो संगणकवाले. इंजिनिअरिंगच्या शिक्षणातली एक सवय मात्र अंगात मुरली आहे, ती म्हणजे मोजून पाहण्याची. मुलांनो, तुम्हीही मोजा. न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडून 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहा. (ते पाणी फरशी पुसायला वापरा, ओतून देऊ नका.) समजा 40 सेकंद लागले, तर मिनिटाला 15 लिटर झाले. असा नळ 10 मिनिटे चालू राहिला तर 150 लिटर. आमच्या पद्धतीला लागतात सुमारे 8 लिटर.

आता या 150 लिटरची किंमत आपल्या देशातल्या एका गोष्टीवरून पाहू. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. एप्रिलमध्ये पोचलेल्या पहिल्या गाडीत 10 वाघिणी होत्या आणि पाणी होते 5 लाख लिटर. करा भागाकार. 150 लिटरच्या हिशेबाने तेवढ्या पाण्यात 3,333 मोटारी धुऊन होतात आणि पाणी संपते. एका गावाची तहान आणि साडेतीन हजारही नाहीत इतक्या मोटारी! आपल्यापैकी पुष्कळांचे आजोळ मराठवाड्यात, सोलापुरात, नगरकडे आहे. तिथे हंडाभर पाण्यासाठी रांगा लावलेली माणसे आपल्याच घरातली आहेत.

आता कृती. साध्या साबणाचा फेस गाडीवर वाळला की डाग पडतात, म्हणून तो धुऊन टाकावा लागतो. न खळबळायच्या द्रावणात फेस जवळजवळ नसतोच. त्यातले पॉलिमर धुळीच्या कणाला वेढतात आणि रंगावर बुळबुळीत थर करतात, त्यामुळे कण न घासता फडक्यात येतो. ऑप्टिमम नो रिन्स हे यातले एक जुने नाव. त्याचे प्रमाण 1 भागाला 256 भाग पाणी, म्हणजे 4 लिटरला साधारण 15 मिलिलिटर. इतर कंपन्यांचे प्रमाण बाटलीवर वाचून घ्यावे. “जास्त घातले की जास्त स्वच्छ” हा हिशेब इथे चालत नाही, उलट गाडी चिकट होते.

गाडी सावलीत आणि गार हवी, उन्हात तापलेल्या पत्र्यावर द्रावण लगेच वाळते. एक भाग घ्यावा, फवारणीच्या बाटलीतून तेच द्रावण त्यावर मारावे आणि मिनिटभर थांबावे. मग भिजवून हलके पिळलेले मायक्रोफायबरचे फडके चार पदरी करून, जोर न देता, सरळ रेषेत फिरवावे. एक बाजू मळली की दुसरी घ्यावी. मळलेले फडके पुन्हा बादलीत बुडवायचे नाही, ते बाजूला टाकून नवे घ्यायचे. लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. सुरुवात टपापासून, मग काचा, बॉनेट, दारे, आणि बंपर व चाके शेवटी. उरलेले पाणी रस्त्यावर किंवा झाडांना न घालता न्हाणीघरात ओतावे. तळघरातल्या पार्किंगमध्ये हे करण्याआधी इमारतीच्या व्यवस्थापकाला जरूर विचारावे.

याला मर्यादाही आहेत. शमाल वाऱ्यानंतर वाळूचा जाड थर बसला असेल, किंवा चार थेंब पाऊस पडून गाडीवर चिखलाचे ठिपके उठले असतील, तर ही पद्धत वापरू नये. वाळूतले गारेचे कण रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण असतात, घासले की चरे पडलेच. अशा वेळी गाडी सरळ धुलाई केंद्रात न्यावी, आणि वापरलेले पाणी गाळून पुन्हा वापरणारे केंद्र मिळाले तर उत्तम. कोरडे फडके धुळीवर फिरवणे तर कधीच नको.

एक आक्षेप आम्हांला गंभीर वाटतो. पुष्कळ ठिकाणी महिन्याच्या बोलीवर गाड्या पुसणारा माणूस असतो. आपणच हे काम करू लागलो तर त्याच्या पोटावर पाय येणार नाही का? येईल, म्हणून त्याचा एक रियालही कापू नये. उलट द्रावणाची बाटली आणि डझनभर फडकी त्याला आपणच आणून द्यावीत. एकाच बादलीत आणि एकाच फडक्यात तो चार गाड्या उरकतो, यात दोष त्याचा नाही. आपण त्याला साधने आणि वेळ तितकाच देतो. बाकीचे आठवडे काम त्याचे, एक शुक्रवार आपला.

तो एक शुक्रवार तरी कशाला? कारण पाणी वाचवा असे भिंतीवर लिहून मूल शिकत नाही. आठ लिटरमध्ये अख्खी गाडी स्वच्छ झालेली त्याने स्वतःच्या हाताने केली, की दात घासताना नळ बंद करायला त्याला सांगावे लागत नाही. शिवाय भिजवणे, पिळणे, निथळणे, टिपणे, खळबळणे ही क्रियापदे वर्गात फळ्यावर लिहून कितीशी कळणार? हातात ओले फडके असले की एका सकाळीत कळतात. आपल्या मुलांची मराठी पुस्तकी होते अशी तक्रार आपण पालकच करतो. घरात मराठीतून करायचे कामच उरले नाही, तर ती दुसरी कशी होणार?

तेव्हा बालमित्रांनो, बादली किती सेकंदांत भरली आणि गाडीला किती लिटर लागले, हे दोन आकडे वहीत लिहून पुढच्या वर्गाला घेऊन या. आपण सगळ्यांची बेरीज फळ्यावर मांडू. पालकांना आमचे म्हणणे पटले नाही तर पुढच्या अंकात मोकळेपणाने लिहावे, फक्त आधी एकदा करून पाहावे.