मागची खरखर घेऊन घाट उतरू नका

आसनगाव, शहापूर, मुरबाडच्या गाडीवाल्यांनो, कळकळीची विनंती आहे. गाडीला मागचे ब्रेक नवे टाकलेत आणि तरीही चाकातून खरखर येतेय? मग कसारा घाट चढू नका. माळशेजलाही निघू नका. चढलात की उतरावं लागणारच आहे. आधी चाक उघडून घ्या.

गॅरेजमध्ये ऐकवतील, ‘लायनर नवीन आहे, बसेल हळूहळू.’ हे अर्धंच खरं. नवं लायनर ड्रमवर बसेपर्यंत हलकी सळसळ होते, पण ती दिवसेंदिवस कमी होत जाते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज, तोही रोज तसाच किंवा वाढता, हा बसण्याचा आवाज नाही. आत काहीतरी भलतंच लागतंय.

दुसरं वाक्य आपणच आपल्याला ऐकवतो: ‘मागचेच तर आहेत, पुढचे धरतात ना!’ धरतात, बहुतेक जोर पुढचेच घेतात. पण हॅन्डब्रेक मागच्या चाकांवर चालतो. पावसात ओल्या वळणावर मागचं एकच चाक जाम झालं, की गाडीची शेपूट फिरते. घासणारं चाक तापतं, ते फार तापलं तर ब्रेक ऑइल उकळतं, आणि मग पेडल पायाखाली मऊ पडतं. त्या वेळी मागच्या सीटवर तुमची आई बसलेली असते. वणीला नाहीतर त्र्यंबकेश्वरला निघालेली, मांडीवर नातू घेऊन.

म्हणून आजच कान लावा. किन्हवलीकडच्या एखाद्या मोकळ्या, सपाट पट्ट्यावर जा. काचा खाली करा, गाणी बंद करा, गाडी हळू चालवा. ब्रेक दाबल्यावरच आवाज येतो का? मग संशय लायनर आणि ड्रमवर घ्या. ब्रेक न दाबताही येतो? मग काहीतरी सतत घासतंय. हॅन्डब्रेकची केबल जास्त ताणली असेल, पत्रा लागत असेल, खडा अडकला असेल. वेगाबरोबर घरघर वाढते आणि वळताना बदलते? बेअरिंग बघायला सांगा. शेवटी फारसा ब्रेक न वापरता थोडं अंतर जाऊन थांबा आणि तळहाताची मागची बाजू दोन्ही मागच्या चाकांजवळ धरा. चाकाला हात लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं, तर त्याच चाकात घासतंय असं समजा.

हे सगळं फिटरला जसंच्या तसं सांगा. नुसतं ‘आवाज येतो’ म्हणू नका. आणि दोन्ही चाकं तुमच्यासमोर उघडायला लावा, कारण डाव्या-उजव्याची तुलना केली की चूक पटकन दिसते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रमच असतो. जुन्या लायनरने ड्रमला आतून खड्डा पाडलेला असतो आणि कडेला उंच धार उरते. नवं लायनर त्या धारेवर चढतं आणि ओरडतं. ड्रम लेथवर घ्यायचा की बदलायचा, ते मापावर ठरवा. स्प्रिंग निसटलीय का, शू उलटसुलट बसलेत का, अॅडजस्टर डावीकडचा उजवीकडे गेलाय का, तेही बघायला सांगा. डिस्कवाल्या गाडीत मागचा पातळ पत्रा काम करताना हात लागून वाकतो आणि डिस्कला घासतो. तो बोटांनी सरळ होतो! एवढ्यासाठी लोक महिनाभर खरखर ऐकत बसतात.

फिटर दादांनो, तुमच्याही पाया पडतो. ‘चालवा, काही होत नाही’ म्हणण्याआधी स्वतः एक फेरी मारा. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ती छातीत जाते. शेजारी पोरं खेळत असतात.

याच कसारा घाटात रेल्वेचा चढ सदतीसास एक आहे. वर चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, आणि सुटलेली गाडी अडवायला चढाचे वेगळे रूळ ठेवलेत. रेल्वे इतकी भिऊन वागते. तुमच्या गाडीसाठी असा रूळ कुठेच नाही.

समृद्धीच्या बोगद्याने जाऊ म्हणाल, तर तिथे घाट टळेल, बिघडलेलं चाक टळणार नाही. उलट तिथे वेग जास्त असतो.

आणि समजा, घाटातच आवाज वाढला, जळका वास आला, तर घरी पोहोचायची घाई करू नका. खालच्या गिअरमध्ये या, ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका, पहिली रुंद जागा दिसली की डावीकडे थांबा. चारही इंडिकेटर लावा. गाडी गिअरमध्ये ठेवा, उताराच्या बाजूने चाकांना मोठे दगड लावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो. सगळ्यांना रस्त्याच्या कडेच्या दाराने उतरवा, गाडीपासून लांब उभं करा आणि 1033 ला फोन लावा. राष्ट्रीय महामार्गावर मदत मागायचा नंबर तोच आहे. आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा, आणि घरात जो जो गाडी चालवतो त्यालाही पाठवा.