फुकटाच्या बाजारातील स्पर्धा

देशातील बँकांची खाती परस्परांशी जोडणाऱ्या ‘यूपीआय’ या व्यवस्थेतून ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. या आकड्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. सुटे पैसे नाहीत म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट ठेवणारा किराणा दुकानदार आता अडीच रुपयांचाही हिशेब चोख करू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच व्यवस्थेतील दुसरा आकडा तितक्या मोकळेपणाने उच्चारला जात नाही. या व्यवहारांपैकी संख्येने शेकडा ऐंशीच्या आसपास व्यवहार ‘फोनपे’ आणि ‘गूगल पे’ या दोनच ॲपमधून होतात. पहिल्याची बहुसंख्य मालकी अमेरिकेतील ‘वॉलमार्ट’कडे आहे, तर दुसरे गूगलचेच आहे. पाया सार्वजनिक, त्यावरची पेढी मात्र दोघांची, अशी ही रचना आहे.

ही स्थिती कशी उद्भवली, याचे ठरीव उत्तर असे दिले जाते की, अशा धंद्यात मोठा अधिकच मोठा होतो. ज्याच्याकडे चार माणसे जातात त्याच्याकडेच पाचवा जातो. टेलिफोनच्या बाबतीत हे खरे होते. बंदिस्त वॉलेटच्या बाबतीतही खरे होते. कारण एका वॉलेटातील पैसे दुसऱ्यात जात नसत. परंतु रिझर्व्ह बँक आणि भारतीय बँक संघ यांच्या पुढाकाराने २००८ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन’ने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय उभी केली ती नेमकी हा दोष टाळून. खाते कोणत्याही बँकेचे असो आणि ॲप कोणतेही असो, समोरच्याला पैसे पोहोचतात. तेव्हा गर्दीचा जो लाभ आहे तो सगळ्या व्यवस्थेला मिळतो, एकट्या ॲपला नव्हे. एक ॲप सोडून दुसरे घेण्यास पाच मिनिटे पुरतात आणि खर्च शून्य. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने येथे चुरशीची स्पर्धा असावयास हवी होती. ती झाली नाही, आणि का झाली नाही हेच समजून घेण्यासारखे आहे.

बाजारातील स्पर्धा सामान्यतः किमतीवर चालते. येथे किंमतच नाही. मग कंपन्या झगडल्या कशासाठी? तर सवयीसाठी. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने गिऱ्हाईक अनायासे दाराशी आणून सोडले होते. त्याला परतीच्या रकमेची, नशिबाच्या चिठ्ठ्यांची आमिषे दाखवून एका ठरावीक चिन्हावर बोट ठेवण्याची सवय लावण्यात आली. हा पैसा नफ्यातून आला नव्हता. तो भांडवलदारांच्या खिशातून आला होता. ज्यांच्याकडे खातीही होती आणि पैसाही होता, त्या बँका या काळात स्वस्थ राहिल्या. त्यांची ॲप होती, पण ती चालवणाऱ्यांना गिऱ्हाइकाची घाई नव्हती. बँकांच्या लेखी हा खर्चाचा एक रकाना होता, तर नव्या कंपन्यांच्या लेखी तो भविष्यातील मिळकतीचा सातबारा होता. आवळा देऊन कोहळा काढण्याची ही रीत जुनीच. फक्त आवळा किती वर्षे फुकट वाटता येतो, याची मर्यादा आता वाढली आहे.

कोहळा कोठे आहे, ते दुकानाच्या गल्ल्यावर दिसते. पैसे आल्याची आरोळी देणारे ते लहानसे यंत्र दुकानदाराला भाड्याने दिलेले असते. पैसे देणारा कोणतेही ॲप वापरू शकतो, हे खरे. पण घेणाऱ्याची मोकळीक तितकी नसते. यंत्र ज्या कंपनीचे, तिच्याच चौकटीवर आलेली रक्कम ते पुकारते. रोजच्या उलाढालीची नोंद त्याच कंपनीकडे साठते आणि त्या नोंदीच्या बळावर एके दिवशी कर्जाचा प्रस्ताव येतो. सावकाराकडे किंवा बँकेच्या पायरीवर ताटकळण्यापेक्षा तो प्रस्ताव सोयीचा असतो, यात शंका नाही. मात्र हप्ता रोजच्या जमेतून परस्पर वळता होऊ लागला की दुकानदार त्या चौकटीशी बांधला जातो. त्याच्या विक्रीची माहिती त्याची आहे. पण ती घेऊन तो दुसऱ्या पेढीकडे सहज जाऊ शकत नाही. गिऱ्हाइकाला बदल फुकट आणि दुकानदाराला महाग, अशी ही विषम अवस्था आहे.

जुन्या हुंडीच्या व्यवहारात सराफ हुंडणावळ घेई. ती किती, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक असे. सरकारने १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्ड यांवर व्यापाऱ्यांकडून आकार घेण्यास मनाई केली, तेव्हा ही हुंडणावळ कायद्यानेच शून्य झाली. हेतू लहान व्यापाऱ्याच्या रक्षणाचा होता. तथापि, व्यवहार पार पाडण्याचा खर्च शून्य झालेला नाही. संगणक चालवावे लागतात, फसवणुकीच्या तक्रारी निस्तराव्या लागतात. हे सर्व बँकांनी सोसायचे, म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणण्यासारखे आहे. सरकार काही भरपाई देते. २०२४-२५ या वर्षासाठी दोन हजार रुपयांपर्यंतच्या, लहान व्यापाऱ्यांकडील व्यवहारांकरिता १,५०० कोटी रुपयांची तरतूद मार्च २०२५ मध्ये मंजूर झाली. आधीच्या वर्षी हीच रक्कम दुपटीहून अधिक होती. अशा लहरी अनुदानाच्या भरवशावर नवी कंपनी या धंद्यात कशी उतरणार? ज्याला अन्यत्र मिळकत आहे तोच फुकट सेवा देत बसू शकतो. लहानांसाठी उभारलेली शून्याची भिंत अशा रीतीने मोठ्यांची तटबंदी ठरली आहे.

स्पर्धा कायद्याचीही येथे गंमत होते. खर्चाहून कमी भावाने माल विकून प्रतिस्पर्ध्याला संपवणे हा २००२ च्या कायद्यानुसार प्रबळ कंपनीचा दोष ठरतो. परंतु सरकारनेच भाव शून्य ठरवल्यावर सगळेच खर्चाखाली विकतात. मग आरोपी कोण? स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ‘प्ले स्टोअर’ प्रकरणी दंड केला, त्या आदेशात यूपीआय चालवणाऱ्या इतर ॲपशी भेदभाव करू नये, असेही बजावले होते. फोनची प्रणाली, त्यावरील बाजारपेठ आणि पैसे चुकते करण्याचे ॲप अशा तिन्ही ठिकाणी एकच मालक असला की काय घडू शकते, याची ती जाणीव होती. दंडाची रक्कम पुढे अपिलात बरीच घटली.

राहिला शेकडा तीसचा नियम. कोणत्याही एका ॲपने एकूण व्यवहारांच्या तीस टक्क्यांहून अधिक वाटा घेऊ नये, असे पेमेंट्स कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केले. त्याची मुदत २०२२ अखेरीवरून २०२४ अखेरीवर, आणि तेथून डिसेंबर २०२४ मधील निर्णयाने ३१ डिसेंबर २०२६ वर नेण्यात आली. या ढकलाढकलीची कीव करण्याचे कारण नाही. कारण नियमच मुळात अवघड जागी बोट ठेवतो. मर्यादा ओलांडली म्हणून नव्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचे, तर शिक्षा कंपनीला नव्हे, गिऱ्हाइकाला होते. रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातल्यानंतर पेटीएमचा यूपीआयमधील वाटा झपाट्याने घसरला, तेव्हा त्यातील बराचसा भाग याच दोन मोठ्यांकडे गेला. नियामकाने एकाला आवरले की दुसरा आपोआप पुष्ट होतो, असा हा बाजार आहे.

वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्याला मागणी, पुरवठा आणि किंमत यांच्या रेषा काढून बाजार समजावला जातो. त्या रेषा चुकीच्या नाहीत. परंतु सोलापूर-लातूरकडच्या ज्या मुलाच्या वडिलांच्या दुकानात ते पुकारणारे यंत्र आहे, त्याला त्या रेषांतून आपल्याच गल्ल्याचा उलगडा होत नाही. दोन बाजूंच्या गिऱ्हाइकांना एकत्र आणणारा मध्यस्थ एका बाजूला फुकट सेवा का देतो आणि भार दुसरीवर का टाकतो, याची मांडणी जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३ सालीच केली होती. तिरोल यांना २०१४ साली नोबेल पुरस्कारही मिळाला. हा विचार समजण्यास फार गणित लागत नाही. आपल्याकडचा अडत्या शेतकऱ्याकडून किती आणि व्यापाऱ्याकडून किती घेतो, हे ज्याने बाजार समितीत पाहिले आहे, त्याला तो निम्मा आधीच कळलेला असतो.

धोरणकर्त्यांनी टक्केवारीच्या मर्यादेमागे धावण्याऐवजी या गल्ल्याकडे पाहणे अधिक हितावह ठरेल. मोठ्या व्यापाऱ्यांच्या व्यवहारांवर माफक आकार घेऊ द्यावा आणि तो व्यवहार पार पाडणारी बँक व ॲप यांच्यात वाटला जावा. किराणा दुकानदार आणि हातगाडीवाला यांना तो मुळीच लागू नये. त्याहून निकडीचे म्हणजे, दुकानदाराला आपल्या जमेची नोंद मागताक्षणी दुसऱ्या कंपनीकडे किंवा बँकेकडे नेता आली पाहिजे, आणि पुकारणारे यंत्र कोणाचेही असले तरी कोणत्याही चौकटीवर आलेली रक्कम त्याने पुकारली पाहिजे. पैसे देणाऱ्याच्या बाजूला जी मोकळीक २०१६ साली दिली गेली, ती घेणाऱ्याच्या बाजूला अद्याप द्यावयाची राहिली आहे. ती देणे पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या हाती आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.