एका दिवसाची दिल्ली

नागपुराहून एका वाचकभगिनीनें पत्र लिहून विचारलें आहे कीं, सासूसासरे व दोन मुलें यांसह हरिद्वारास जावयाचें आहे, वाटेंत दिल्लीस एकच दिवस हाताशीं राहतो. तो दिवस सहलीच्या बसमधून चारचौघांबरोबर घालवावा, कीं आपल्यापुरती गाडी व आपल्यापुरता गाइड ठरवावा? दुसऱ्या मार्गास पैसा बराच लागतो; तो सार्थकीं लागेल काय?

प्रश्न हिशेबाचा आहे, आणि हिशेबापुरतें उत्तर सोपें आहे. बसमध्यें माणशीं पैसे द्यावे लागतात, गाइड व गाडी यांचे मात्र दिवसाचे असतात; म्हणून दोघांस जी चैन वाटते ती सात माणसांस तितकीशी वाटत नाहीं. शिवाय बस कोणासाठीं थांबत नाहीं. आणि ज्या घरांतील वडील माणसांस घटकाघटकेला कोठें तरी टेकावें लागतें, त्या घरानें बसच्या कर्ण्यावर धांवत सुटूं नये. परंतु गेल्या फाल्गुनांत आमच्या घरच्या सात माणसांनीं हाच प्रयोग केला, आणि दिवसाच्या अखेरीस मला असें वाटूं लागलें कीं, आपल्यापुरता गाइड ठरविण्यांत एक निराळाच धोका आहे व त्याचा उल्लेख कोणत्याहि माहितीपत्रकांत नसतो. त्याची हकीकत सांगतों.

सात माणसें म्हणजे माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व नाना म्हणतों, वय ८१, संस्कृतचे सेवानिवृत्त शिक्षक, उजवा गुडघा कामांतून गेलेला, त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्या, आम्ही उभयतां, धाकटी भावजय, आणि तिचीं दोन मुलें. पुतणी चौदा वर्षांची, पुतण्या दहांचा. धाकट्या बंधूला रजा मिळाली नाहीं.

गाइड आदल्या संध्याकाळींच उतरण्याच्या जागीं भेटावयास आला. हें मीं मुद्दाम करविलें होतें, व सर्वांनीं करावें. पर्यटनखात्याचें ओळखपत्र त्यानें न मागतां पुढें केलें. वय पंचेचाळिशीचें, बोलणें आर्जवी, हिंदी स्वच्छ. त्यानें खिशांतून अकरा स्थळांची यादी काढली. कुतुबमिनार, कमळमंदिर, हुमायूनची कबर, इंडिया गेट, राष्ट्रपतिभवन, बिर्लामंदिर, राजघाट, जामा मशीद, लाल किल्ला आणि आणखी दोन. नाना ती डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "ही यादी पाहण्याची आहे कीं मोजण्याची?" मग काटछांट सुरू झाली. कुतुबमिनार शहराच्या दक्षिणेस, लाल किल्ला उत्तरेस, दोहोंमध्यें पंधरा किलोमीटरांहून अधिक अंतर; आणि दिल्लींतील वाहनांची गर्दी पाहतां हें अंतर किलोमीटरांत मोजण्यांत अर्थ नाहीं. शेवटीं तीनच ठिकाणें राहिलीं: सकाळीं कुतुब, दुपारच्या आधीं हुमायूनची कबर, तिसऱ्या प्रहरीं लाल किल्ला. पुतण्याला रेल्वेचें संग्रहालय हवें होतें. त्याची समजूत काढण्यास मिठाई लागली. आमचा दिवस मंगळवार होता. सोमवारीं लाल किल्ला बंद असतो, हें गाडीचीं तिकिटें काढण्यापूर्वीं लक्षांत ठेवावें.

त्याच बैठकींत मीं चार गोष्टी स्पष्ट बोलून घेतल्या: एकंदर तास किती, प्रवेशाचीं तिकिटें व गाडी उभी करण्याचे पैसे कोणाकडे, जेवण त्याचें त्यानें कीं आमच्याबरोबर, आणि कोणत्याहि दुकानांत आम्हांस न्यावयाचें नाहीं. शेवटच्या कलमावर तो ओशाळून हसला. विक्रीवर दुकानदाराकडून गाइडला कांहीं मिळतें हें गुपित नव्हे. त्याचाहि संसार आहे. म्हणून तेवढी भर मीं त्याच्या दिवसाच्या मोबदल्यांतच घातली. उठतां उठतां त्यानें सहज विचारलें, "आपण महाराष्ट्राचे ना?" आम्हीं होकार दिला. त्या प्रश्नाचें मोल तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

सकाळीं आठाच्या आंत आम्ही कुतुबापाशीं होतों. ऊन कोवळें, गर्दी तुरळक. मिनाराची उंची ७२.५ मीटर, आंत ३७९ पायऱ्या. परंतु १९८१ सालीं आंतल्या अंधारांत चेंगराचेंगरी होऊन सुमारें ४५ जण, आणि त्यांत बहुतेक शाळेचीं मुलें, मृत्यु पावलीं, तेव्हांपासून वर जाण्याची बंदी आहे. गाइड बोलत होता फार चांगलें. शेजारच्या मशिदींत नेऊन त्यानें मुलांना खांब दाखविले. एकावर सांखळीला टांगलेली घंटा कोरलेली, दुसऱ्यावर पूर्णकलश, तिसऱ्यावर झिजवून सपाट केलेल्या मूर्ती. २७ देवळांचें सामान येथें वापरलें, ही कोणाची ऐकीव गोष्ट नसून पूर्वेच्या दारावरील फारसी लेखांतच लिहिलेली आहे, हें त्यानें आवाज न चढवितां सांगितलें. आत्या एका खांबावर बराच वेळ हात फिरवीत उभी राहिली. पुतण्यानें घंटा मोजावयास सुरुवात केली, व आम्ही सर्वच हळहळलों.

त्याच अंगणांत लोहस्तंभ आहे. उंची सव्वासात मीटरांच्या आसपास, वजन सहा टनांहून अधिक, वय सोळाशें वर्षें, आणि गंज नाममात्र. पूर्वीं लोक त्याला पाठ टेकून मागून हातांची मिठी मारीत. १९९७ सालीं भोंवतीं कठडा आला. लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यामुळें त्यावर एक पातळ संरक्षक थर बसत गेला, हें कानपूरच्या आय. आय. टी.चे प्रा. बालसुब्रमण्यम् यांनीं संशोधनानें दाखविलें, हेंहि गाइडला ठाऊक होतें. स्तंभावरील लेख गुप्तकालीन ब्राह्मींत असल्यानें नानांना वाचतां येईना. परंतु जवळच्या भिंतींत १९०३ सालीं बसविलेल्या शिळा आहेत. पंडित बांकेराय यांनीं केलेलें देवनागरी लिप्यंतर त्यांवर आहे. नानांनीं चष्मा पुसला, काठी माझ्या हातीं दिली, आणि चंद्र नांवाच्या राजाचे ते तीन श्लोक शार्दूलविक्रीडिताच्या चालींत सावकाश म्हटले. (हा चंद्र म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असें बहुतेक विद्वान् मानतात.) शेजारून जाणारीं कांहीं परकीं माणसें थांबलीं. गाइडनें मध्यें एक शब्दहि बोलला नाहीं, आणि गप्प राहणें ज्याला साधतें तो गाइड चांगला, असा माझा तेव्हां ग्रह झाला. अकरा स्थळांच्या यादींत ह्या पंधरा मिनिटांना जागा कोठें होती?

हुमायूनच्या कबरीविषयीं थोडक्यांत सांगतों. बाग प्रशस्त, इमारत त्याच्या विधवा राणीनें बांधविलेली, १५७० च्या सुमारास पुरी झालेली. चौथऱ्यावर चढण्याच्या पायऱ्या इतक्या उभ्या कीं नाना खालींच बसले. हुमायून १५५६ सालीं पुराण्या किल्ल्यांतील आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून मेला, हें गाइडनें सांगतांच ते म्हणाले, "जिन्यावरून पडलेल्याच्या कबरीला असला जिना! कोणी विचारच केला नाहीं." आम्ही वर गेलों, गाइड त्यांच्यापाशीं बसून राहिला. १८५७ च्या सप्टेंबरांत बहादूरशहा जफर येथेंच इंग्रजांच्या हातीं सांपडला, आणि १९४७ सालीं ह्याच बागेंत पाकिस्तानांत जाणाऱ्या मुसलमान कुटुंबांची छावणी पडली होती, हें त्यानें नानांना त्या वेळांत सांगितलें. त्याचे स्वतःचे आजोबा त्याच वर्षीं मुलतानहून निघून दिल्लीच्या दुसऱ्या टोंकास किंग्जवेच्या छावणींत आले होते. दुपारीं गाडींतच दशम्या, दही व लसणीवांचूनची चटणी काढली. गाइडनें संकोचानें एक दशमी घेतली व मग दोन.

लाल किल्ल्यांत दाराशीं विचारल्यावर नानांसाठीं चाकांची खुर्ची मिळाली. शहाजहाननें हा किल्ला १६३९ ते १६४८ या काळांत बांधविला. छत्ता चौक, नौबतखाना, दिवाण-इ-आम असें करीत आम्ही दिवाण-इ-खासपाशीं पोंचलों. पांढऱ्या संगमरवराच्या त्या दालनासमोर उभा राहून गाइड म्हणाला, "येथें मयूरसिंहासन होतें. १७३९ सालीं नादिरशहानें तें इराणला नेलें. वरचें छत चांदीचें होतें; तेंहि त्यानेंच नेलें."

"सिंहासन त्यानें नेलें," नाना म्हणाले. "छतहि त्यानेंच?"

गाइड गप्प झाला. क्षणभरानें अगदीं हळू म्हणाला, "बाबूजी, आपल्याला ठाऊक आहे, तर मला कां विचारतां?"

मग त्यानें सांगितलें तें असें. दोन वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांतील एक कुटुंब त्यानें ह्याच जागीं आणलें होतें व छताची गोष्ट खरी होती तशी सांगितली होती. कुटुंबप्रमुख भडकले. मराठ्यांची बदनामी करतोस काय, म्हणून त्यांनीं अर्ध्या दिवसाचे पैसे कापले, वर तक्रारहि केली. "तेव्हांपासून आपल्याकडच्या मंडळींना मी नादिरशहा सांगतों. दुसऱ्या प्रांतांच्या मंडळींना जें पचेल तें. बसवर होतों तेव्हां हा प्रश्न नव्हता. चाळीस माणसें चाळीस गांवचीं, सर्वांना एकच पाठ. आतां एका घराचा पैसा, तर त्या घराला कसें दुखवावें?"

हाच तो धोका. पैसे देऊन आपण वाटाड्या घेतों, आणि आपल्या नकळत भाट घेऊन फिरतों. सकाळपासून त्या गृहस्थानें आम्हांस दाखविलेलें किती आमच्या आडनांवाकडे पाहून दाखविलें असेल, अशी शंका तेव्हां माझ्या मनांत आली, आणि ती पुरती गेली असें अजूनहि म्हणवत नाहीं.

नानांनीं खुर्ची सावलींत घ्यावयास लावली व मुलांना जवळ बोलाविलें. सदाशिवरावभाऊनें १७६० च्या ऑगस्टांत दिल्ली घेतली. फौज अवाढव्य, खजिना रिकामा, उत्तरेकडील वसूल येईना, शिपायांचे पगार थकलेले. त्या वर्षीं भाऊनें ह्या दालनाचें चांदीचें छत उतरवून त्याचे रुपये पाडले. पुढच्या जानेवारींत पानिपत झालें. नानांनीं कारण सांगितलें, परंतु समर्थनाचा एकहि शब्द जोडला नाहीं.

आत्याला हें रुचलें नाहीं. "अरे, तें लढाईसाठीं केलें, घरीं नेण्यासाठीं नव्हे. लेंकरांसमोर आपल्याच माणसांचें उणें काढून काय साधलें?" पुतणी म्हणाली, "आत्याआजी, मग सकाळीं त्या खांबांपाशीं आपण कां हळहळलों?" तिच्या आईनें तिला डोळ्यांनीं दटावलें. मीहि कांहीं बोललों नाहीं. खरें सांगावयाचें तर मला उत्तर सुचलें नाहीं, आणि आत्याच्या बोलण्यांत कांहींच तथ्य नव्हतें असेंहि नाहीं.

नानांनीं मात्र पुढचेंहि सांगितलें. १७८८ सालीं गुलाम कादिरानें ह्याच किल्ल्यांत बादशहा शहाआलमचे डोळे काढले, तेव्हां त्याला हुसकून आंधळ्या बादशहास पुन्हा गादीवर बसविणारी फौज महादजी शिंद्यांची होती. आणि १८०३ च्या सप्टेंबरांत लेकनें शिंद्यांच्या फौजेचा पराभव करीपर्यंत दिल्लीवर सत्ता शिंद्यांचीच चालत होती. गाइड मध्येंच म्हणाला, "महादजींचें मी आपल्याला सांगणारच होतों. त्याच्यावर बक्षीस मिळतें." ह्यावर आत्यासुद्धां हंसली.

नागपूरच्या भगिनीस माझें सांगणें एवढेंच कीं, गाइड अवश्य ठरवावा, स्थळें तीनांहून अधिक घेऊं नयेत, आणि आदल्या संध्याकाळीं दुकानाच्या कलमाबरोबर आणखी एक कलम घालावें: आम्हांस आवडेल तें नव्हे, ठाऊक असेल तें सांगा, त्याबद्दल पैसे कापले जाणार नाहींत. हें घरच्या वडील माणसानें सांगितल्यास गाइडला खरें वाटतें. सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर जाण्यापूर्वीं एखादें पुस्तक त्यांच्या उशाशीं ठेवावें.

रात्रीं निजामुद्दीन स्टेशनावर गाइड आम्हांला पोंचवावयास आला. ठरल्याहून थोडे अधिक पैसे नानांनीं स्वतःच्या हातानें दिले. त्यानें आपली वही पुढें करून तीं सालें लिहून मागितलीं. नानांनीं दिव्याखालीं उभ्यानेंच तीं लिहून दिलीं.

गाडी सुटल्यावर आत्या बराच वेळ खिडकींतून बाहेर पाहत होती. मथुरा जवळ आली तेव्हां म्हणाली, "नाना, त्या छताचे रुपये पाडले म्हणालास; ते शिपायांपर्यंत पोंचले तरी कां रे?"

"पोंचले असतील कांहीं दिवस," नाना म्हणाले. "जानेवारींत पानिपतावर उभे राहिले तेव्हां तेच शिपाई उपाशी होते."

आत्यानें डबा उघडला. दोन दशम्या उरल्या होत्या. त्या तिनें मुलांना वांटून दिल्या.