वासावर विसंबून चालणार नाही

जुना बाथटब बदलण्याऐवजी त्याचा लेप खरवडून नवा थर देण्याचा व्यवसाय अमेरिकेत रूढ आहे. लेप काढण्यासाठी तेथे अनेक वर्षे मिथिलीन क्लोराइड वापरले जाई. २००० ते २०११ या काळात हे काम करताना १३ कामगार मृत्युमुखी पडल्याची नोंद २०१२ साली तेथील सरकारी आरोग्ययंत्रणेने प्रसिद्ध केली.

या रसायनाची वाफ हवेहून जड असल्याने ती टबातच साचते. आणि कामगाराला काम करायचे असते ते त्याच टबात डोके घालून. वास जाणवेपर्यंत हवेतील प्रमाण २५ पीपीएम या कायदेशीर मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेले असते. म्हणजे वास नाही म्हणून धोका नाही, हे गृहीतच घातक आहे. गाळणीचा मुखवटाही येथे भरवशाचा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी नळी आणि तळाची वाफ ओढून काढणारा पंखा हवा. या दोहोंना पैसे पडतात. मालकाने वाचवलेला तो खर्च अखेर कामगाराच्या श्वासातून वसूल होतो.

कायद्याचा क्रमही पाहण्यासारखा आहे. रंग काढण्यासाठी हे द्रव्य घरगुती ग्राहकाला विकण्यास २०१९ साली बंदी झाली. मजुरीवर तेच हाताळणारा कामगार मात्र वगळला गेला. त्याच्यापर्यंत बंदी पोहोचण्यास २०२४ साल उजाडले. ग्राहकाचा जीव आधी आणि श्रमिकाचा मागाहून, हा क्रम बाजाराचा आहे. तो कायद्याचा असता कामा नये.