फोनचा इदकून आणि गोळ्यांची घंटा

 

या वेळी गुडघेदुखीवर लिहायचे ठरवले होते. पण मध्येच एक गोष्ट घडली, आणि ती आमच्याच हातून घडली. तेव्हा गुडघे पुढच्या अंकात. आज फोनबद्दल बोलू.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. वय ८२. एकट्याच असतात. ब्लडप्रेशर आहे, साखर आहे. सकाळी तीन गोळ्या, रात्री दोन. त्यांच्या नातवाने दोन वर्षांपूर्वी त्यांच्या फोनमध्ये औषधाचे अ‍ॅप घालून दिले. सकाळी सातला आणि रात्री आठला घंटा वाजते, मावशी गोळ्या घेतात आणि हिरव्या खुणेवर बोट टेकवतात. सगळे छान चालले होते.

एका शनिवारी रात्री आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, हा फोन रोज काहीतरी विचारतोय. बघा ना, काय म्हणतोय."

पाहिले तर फोन इदकून मागत होता, म्हणजे त्याला आपली सिस्टिम नवी करून घ्यायची होती. आम्ही चष्मा लावला, 'हो' म्हणून बटण दाबले, फोन चार्जरला लावला आणि आपल्या घरी येऊन झोपलो.

मंगळवारी सकाळी मावशी जिन्यात कठडा धरून उभ्या दिसल्या. म्हणाल्या, "डोकं जड झालंय." वर नेऊन बसवले, प्रेशर मोजले. वरचा आकडा १९०. मग आमची नजर टेबलावरच्या सात खणांच्या डबीकडे गेली. रविवारचा खण भरलेला, सोमवारचाही भरलेला.

"मावशी, गोळ्या?"

"घंटाच वाजली नाही हो. मला वाटलं, अजून सात वाजायचेत. मग वाटलं, घेतल्या असतील."

कुपात होलीमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितले की चुकलेल्या गोळ्या एकदम देऊ नका, आजच्या तेवढ्या द्या आणि मावशींना तपासायला घेऊन या. संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला. निभावले. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

का, ते सांगतो. मुंबईत आणि इथे मिळून आम्ही चाळीस वर्षे वॉर्डात काढली. ड्यूटी बदलताना आपल्याकडच्या हॉस्पिटलात 'ओव्हर' देतात. जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक खाटेजवळ नेऊन सांगते: याला सहाला इंजेक्शन, हिची सलाइन दहाला बदलायची. ओव्हर न देता घरी गेलेल्या मुलीला मेट्रन जन्मात विसरायच्या नाहीत. आणि आम्ही काय केले? फोनची ड्यूटी बदलली आणि ओव्हर न घेता निघून आलो.

फोनची सिस्टिम म्हणजे वॉर्डची मेट्रन समजा आणि अ‍ॅप म्हणजे तिच्या हाताखालच्या सिस्टर. कोणाला माइक वापरू द्यायचा, कोणी घंटा वाजवायची, कोणी रात्री जागायचे, हे मेट्रन ठरवते. इदकून झाला की मेट्रनचे नियम बदलतात. जुन्या नियमांची सवय असलेली एखादी सिस्टर मग गोंधळते. कधी ती दारातच कोसळते, म्हणजे अ‍ॅप उघडताच बंद पडते. तर कधी ती कोपऱ्यात गप्प बसून राहते.

आमच्या मेट्रन शिकवायच्या, ओरडणाऱ्या पेशंटपेक्षा गप्प पडलेल्याकडे आधी जा. फोनचेही तेच आहे. बंद पडलेले अ‍ॅप आपले दुखणे स्वतःच सांगते. आपण चिडतो आणि कोणाला तरी बोलावतो. पण ज्याचे काम वेळेवर घंटा वाजवणे आहे ते मुके झाले, तर कळणार कसे? घंटा न वाजण्याचा आवाज थोडाच होतो?

मंगळवारी संध्याकाळी मावशींचा नातू आला. वय १२. फोन हातात घेतला आणि म्हणाला, "सावता, हे अ‍ॅप काढून टाकतो आणि परत घालतो, झालं."

आम्ही त्याचा हात धरला. "रेगा! आधी पेशंट तपासायचा, ऑपरेशन सगळ्यात शेवटी."

मावशींच्या फोनवर हिब्रू आहे. अँड्रॉइड फोनची भाषा मराठी करता येते, पण मग नातवाला वाचता येत नाही, आणि हिब्रू ठेवली की मावशींना जड जाते. म्हणून तिघे मिळून बसलो. नातू वाचणार, मावशी गोळ्या सांगणार, आणि आम्ही वहीत लिहिणार. त्या वहीवरून हा क्रम देत आहोत. कापून फ्रिजवर लावा.

१. फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. नुसता पडदा काळा करणे म्हणजे बंद करणे नव्हे. इदकूननंतरचे बरेच रुसवे एवढ्यानेच जातात.

२. अ‍ॅपचाही इदकून करा. सिस्टिमचा इदकून वेगळा, अ‍ॅपचा वेगळा. अ‍ॅप बनवणारे लोक नव्या सिस्टिमला जुळेल अशी सुधारणा मागाहून पाठवतात. प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमध्ये जाऊन ती घ्यावी. ती अजून आलीच नसेल तर काही दिवस वाट पाहावी, आणि तोवर कागदावर काम चालवावे.

३. हर्शाओत, म्हणजे परवानग्या पाहा. फोनच्या हगदारोतमध्ये जाऊन त्या अ‍ॅपचे नाव शोधा. माइक, कॅमेरा, ठिकाण यांपैकी त्याला जे लागते ते चालू आहे का? २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून, कित्येक महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेऊ शकतो.

४. हतराओत, म्हणजे सूचना पाहा. त्या बंद असल्या तर अ‍ॅप आतून कितीही ओरडले तरी बाहेर ऐकू येणार नाही. 'व्यत्यय नको' हा चंद्राचा शिक्का चालू राहिला आहे का, तेही बघा.

५. बॅटरी पाहा. बॅटरी वाचवण्यासाठी फोन काही अ‍ॅपना झोपवून ठेवतो. घंटेच्या अ‍ॅपला या नियमातून सूट द्यावी लागते. रात्रपाळीच्या सिस्टरला झोपवून कसे चालेल?

६. आवाज पाहा. अँड्रॉइड फोनमध्ये गाण्यांचा, रिंगचा आणि अलार्मचा आवाज वेगवेगळा असतो. रिंग मोठी आहे म्हणून अलार्मही मोठा असेल असे धरून चालू नये.

७. मग कॅशे साफ करा. हे अँड्रॉइडवर करता येते. कॅशे म्हणजे अ‍ॅपने हाताशी ठेवलेला किरकोळ पसारा; तो गेला तर नुकसान नाही. पण जवळच डेटा पुसण्याचे बटण असते. ते दाबले तर अ‍ॅपमधली आपली माहिती जाऊ शकते. आयफोनमध्ये 'ऑफलोड' असते. त्याने अ‍ॅप निघते, पण माहिती राहते.

८. अ‍ॅप काढून पुन्हा घालणे सगळ्यात शेवटी. आधी पासवर्ड, गोळ्यांची नावे आणि वेळा कागदावर उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नसेल आणि ते काढून टाकले, तर जुने निरोप आणि फोटो हाताशी राहतील याची खात्री नाही. आणखी एक गोम आहे. पुन्हा घातलेले अ‍ॅप फोनच्या दृष्टीने नवे असते आणि त्याला परवानग्या नव्याने द्याव्या लागतात. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नव्या अ‍ॅपला सूचना दाखवायलासुद्धा परवानगी लागते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये तर नव्याने घातलेल्या पुष्कळ अ‍ॅपना ठरल्या मिनिटाला घंटा वाजवण्याची मुभा आपोआप मिळत नाही. 'अलार्म आणि रिमाइंडर' या नावाखाली ती आपण द्यायची असते. म्हणजे घाईने अ‍ॅप काढून घातले, तर एक घंटा दुरुस्त करताना दुसरीच बंद पडायची.

मावशींच्या फोनचे दुखणे पाचव्या क्रमांकाला सापडले. औषधाचे अ‍ॅप झोपवलेल्यांच्या यादीत जाऊन पडले होते. त्याला उठवले. पण एवढ्याने आमचे समाधान होईना. आम्ही नातवाला सांगितले, "आता दोन मिनिटांनंतरची घंटा लाव, पडदा बंद कर आणि फोन टेबलावर ठेव. कोणी हात लावायचा नाही."

तिघेही फोनकडे बघत बसलो. दोन मिनिटे एवढी लांब असतात हे लेबर रूमनंतर प्रथमच कळले. घंटा वाजली आणि मावशींनी टाळी वाजवली.

वाचकहो, ही दोन मिनिटांची चाचणी मात्र चुकवू नका. हगदारोतमध्ये सगळे बरोबर दिसणे वेगळे आणि घंटा खरोखर वाजणे वेगळे. पेशंटच्या कागदावर 'ठीक' लिहिले म्हणून नाडी पाहायचे सोडतो का आपण?

काही वेळा दोष ना आपला असतो, ना आपल्या फोनच्या हगदारोतचा. मार्च २०२१ मध्ये जगभर अँड्रॉइड फोनवरची कितीतरी अ‍ॅप उघडताच बंद पडू लागली. अ‍ॅपच्या आत इंटरनेटचे पान दाखवणारा 'वेबव्ह्यू' नावाचा एक भाग असतो, त्यात बिघाड झाला होता. गूगलने त्याची सुधारलेली आवृत्ती दिली, ती घेतल्यावर अ‍ॅप पुन्हा चालू झाली. तसेच सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोनची अकरावी सिस्टिम आली, तेव्हा ३२ बिट पद्धतीची जुनी अ‍ॅप त्यावर उघडेनाशी झाली. ज्यांच्या बनवणाऱ्यांनी नवी आवृत्ती काढली नाही, ती कायमची गेली. अशा वेळी "माझंच काहीतरी चुकलं" म्हणून आपल्या वयाला दोष देत बसू नये. दुसरे अ‍ॅप शोधावे.

"मग इदकून करायचाच नाही," असे मावशी म्हणाल्या. तसेही नको. चोरांना आत शिरता येईल अशी भोके फोनमध्ये सापडत असतात, आणि ती बुजवायला इदकून लागतो. मात्र ज्यांच्या दंडावर किंवा पोटावर साखर मोजणारा सेन्सर आहे आणि त्याची धोक्याची घंटा फोनवर येते, त्यांनी जास्त सावध राहावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा लोकांना सूचना दिली. सिस्टिमचा इदकून आपोआप होऊ देऊ नये. सेन्सर बनवणारे 'आमचे अ‍ॅप या नव्या सिस्टिमवर चालते' असे सांगतील तेव्हाच तो करावा. आणि महिन्यातून एकदा तरी घंटेच्या हगदारोत तपासून पाहाव्यात. कानात घालायचे नवे ब्लूटूथ यंत्र किंवा मोटारीचा स्पीकर जोडल्यानेही घंटेचा आवाज बदलू शकतो, असेही त्यांनी सांगितले आहे. आपल्या देशात तर सायरनचे अ‍ॅपही याच फेरीत तपासावे.

मुलांनो, आता तुमचे काम. आजीआजोबांच्या फोनचा इदकून झाला की त्यांच्या शेजारी दहा मिनिटे बसा. फोन हिसकावून घेऊन भराभर बोटे चालवू नका. फोन त्यांच्याच हातात राहू दे, तुम्ही वाचून दाखवा. घंटेची चाचणी करा. आणि त्यांना विचारल्याशिवाय काहीही पुसू नका, सगळा फोन कोरा करण्याचे बटण तर नाहीच नाही. तुम्हाला जो कचरा वाटतो, त्यात एखाद्याचा शेवटचा आवाज साठवलेला असतो.

मोठ्यांनो, आपले काम एवढेच. गोळ्यांचा कागद फ्रिजवरून काढू नका. नाव, किती आणि केव्हा, हे मोठ्या अक्षरात लिहिलेले असू द्या. मावशींच्या फ्रिजवर आता असा कागद आहे, मराठीत. खाली नातवाने हिब्रूत लिहिले आहे, कारण मावशींना कधी ॲम्ब्युलन्सने न्यावे लागलेच तर तो कागद दुसऱ्या कोणाला तरी वाचावा लागेल. घंटा वाजो न वाजो, सकाळी आठला डबीचा खण रिकामा झाला का ते बघायचे. आणि आम्ही? रोज सव्वाआठला मावशींना हाक मारतो. "मावशी, ओव्हर द्या!" त्या वरून ओरडतात, "तीन घेतल्या, सिस्टर!" या घंटेला इदकून लागत नाही.

पुढच्या अंकात गुडघे, नक्की.

कळावे, लोभ असावा.